कमरेला पिस्तूल लावायचं तर आधी काय काय

कमरेला पिस्तूल लावून मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तेव्हा त्यात एकही गोळी नव्हती. गेलो ते डॅलसच्या उपनगरातल्या आमच्या नेहमीच्या देशी किराणा दुकानात. खालच्या फळीवरचं वीस पौंडांचं तांदळाचं पोतं उचलायला कमरेत वाकलो आणि मागून बायको हळूच म्हणाली, "शर्ट." तो वर सरकून पिस्तुलाची मूठ सगळ्या दुकानाला दिसत होती. कोणी पाहिलं नाही, पण मला घाम फुटला. त्या दिवसापासून मी पोतं गुडघ्यात वाकून उचलतो. पाठीलाही ते बरं.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येतं. त्यामुळे आपल्या मंडळींत "मग काय, आणायचं आणि लावायचं" असं म्हणणारे वाढलेत. त्यातल्या तिघा-चौघांनी मला विचारलं, तयारी काय करायची. ही यादी त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा बघा. पिस्तुलाचं दुकान नंतर. एच-वन, एल-वन, विद्यार्थी व्हिसा, सगळे 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा. त्यावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हाच केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ऑफिसातल्या मित्रांबरोबर गंमत म्हणून नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही यात येऊ शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. राज्याने काय मोकळीक दिली याचा इथे उपयोग नाही. ग्रीन कार्ड आलं की ही अट सुटते. तोवर ही यादी इथेच मिटून ठेवा.

दुसरं, लायसन्स सक्तीचं नसलं तरी काढा. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, चाळीस डॉलर फी आणि नेमबाजीची चाचणी. चाचणीत पन्नास गोळ्या असतात: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. खरं सांगायचं तर ही चाचणी फार सोपी आहे. ती पास झालो म्हणून आपल्याला नेम येतो असं समजू नका. मग लायसन्स कशाला? कारण शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे आणि ज्या राज्यात आपण आहोत त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला तीतून सूट मिळते. आपण घरं घेतो तीच मुळी शाळा बघून. कॉलनीच्या बाहेर पडलं की हजार फुटांत एखादी प्राथमिक शाळा असतेच.

पिस्तूल विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने चार-पाच प्रकारची चालवून बघा. दुकानातला माणूस नवख्याला छोटं पिस्तूल हातात देतो, कारण ते लपतं छान. सिग पी३६५चंच बघा, २०१८ साली आलेलं, तळहाताएवढं, तरी मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. लपवायला फार सोयीचं. पण जितकं छोटं आणि हलकं, तितका त्याचा धक्का मनगटाला जास्त, आणि धक्क्याची धास्ती बसली की माणूस गोळी सुटायच्या आधीच हात खाली दाबतो. ग्लॉक १९ त्याहून जाड आणि जड, लपवायला अवघड, शिकायला मात्र फार बरं. मी ग्लॉकवर शिकलो आणि वर्षभराने छोट्याकडे वळलो. उलट क्रमाने गेलेले दोघे मित्र अजून नेमाशी झगडतायत.

बंद रेंजवर कानात बोळे घाला आणि वर इअरमफही लावा, कारण पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि तिथे खायचं नाही. आपल्या पिशवीत चिवडा असतोच, पण रेंजच्या हवेत आणि हातांवर शिसं असतं. आधी साबणाने स्वच्छ हात, मग चिवडा. घरात रांगतं मूल असेल तर रेंजवर घातलेले बूट दाराबाहेर.

जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाचे चार नियम प्रत्येक वर्गात शिकवतात. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून वागायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. लक्ष्यावर नेम लागेपर्यंत ट्रिगरवर बोट न्यायचं नाही. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्यामागे काय आहे, हे माहीत असायला हवं. पाठ करायला पाच मिनिटं लागतात. बोटाला कळायला मला दोन महिने लागले. घरात ड्रिल मशीन हातात घेतलं तरी बोट आपोआप बटणाच्या बाहेर सरळ राहायला लागलं, तेव्हा वाटलं, आता जमतंय.

आता होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं पिस्तुलाचं म्यान. पिस्तुलावर पाचशे-सहाशे डॉलर घालवणारा माणूस होल्स्टर वीस डॉलरचं मऊ कापडी घेतो. तसं करू नका. होल्स्टर कडक हवं, कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचं असतं तसं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं. पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड मिटता कामा नये. मऊ होल्स्टरची कड किंवा शर्टाचं टोक आत वळून ट्रिगरमध्ये अडकतं आणि पिस्तूल परत खोचताना गोळी सुटते. पिस्तूल बाहेर काढायची घाई चित्रपटात ठीक आहे. खोचताना तर घाईचं काही कारणच नसतं. थांबायचं, शर्ट बाजूला धरायचा, खाली बघायचं, मग सावकाश. पट्टाही याच कामासाठी बनवलेला, न वाकणारा घ्या. ऑफिसच्या पट्ट्यावर भरलेलं पिस्तूल लोंबकळतं आणि दिवसभर पँट वर ओढण्यात जातो.

यानंतर घरातला अभ्यास. माझ्या मते सगळी तयारी इथेच होते, म्हणून इथे घाई करू नका. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, मग अंधारात चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, बोट घालून तिसऱ्यांदा. आणि ते रिकामं पिस्तूल लावून घरातली सगळी कामं करायची: भांडी घासणं, लॉन कापणं, गाडीत बसून सीटबेल्ट लावणं, मुलाला कडेवर घेणं, जमिनीवर मांडी घालून जेवणं. मांडी घातल्यावर पोटासमोर लावलेलं पिस्तूल बरगडीत रुततं, म्हणून मी उजव्या कमरेच्या किंचित मागे लावतो. तिथे लावलं की वाकताना मूठ शर्टातून उठून दिसते, म्हणजे पुन्हा गुडघ्यात वाकणं आलं. जागा ज्याची त्याने शोधायची. पुस्तकातून ती सापडत नाही.

नवख्याच्या मनात एक भीती असते, चारचौघांत विचारायची लाज वाटते अशी: आपोआप उडालं तर? त्यावर रिकाम्या पिस्तुलाचाच एक उपाय आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली की ट्रिगर पुढे येतो. तो दाबला गेला तर मागेच राहतो. सकाळी रिकामं पिस्तूल असं तयार करून होल्स्टरमध्ये घाला, दिवसभर वावरा, रात्री बघा. मी तीन आठवडे रोज बघितलं. ट्रिगर एकदाही मागे गेला नव्हता. मग गोळी घातली. ज्यांना तीन आठवडे पुरणार नाहीत त्यांनी तीन महिने करा, कोणी मोजत नाही.

सार्वजनिक शौचालयाचीही तालीम हवी, हसू नका. कमोडवर बसताना पिस्तूल काढून कागदाच्या डब्यावर ठेवणारे ते तिथेच विसरून जातात आणि पुढच्या माणसाला ते सापडतं. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. पट्टा पुन्हा गुडघ्याशी आवळायचा आणि ते पँटमध्येच राहू द्यायचं.

कपड्यांत एक मापाने मोठा, गडद, नक्षीचा शर्ट चांगला. कुर्ता लांब असतो म्हणून तो उत्तम असं वाटेल. पण कुर्त्याखाली पायजमा असतो आणि पायजम्याला नाडी. नाडीवर होल्स्टर टिकत नाही. कुर्त्याखाली जीन्स घाला, नाहीतर त्या दिवशी पिस्तूल घरी.

घरीच ठेवायचे दिवस तसे बरेच निघतात. आपल्याकडचा गणेशोत्सव बहुधा शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन होतो, आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. सुट्टी आहे, मंडळाने भाडं भरलंय, या सबबी विसरा. मतदान केंद्र, कोर्ट इथेही तेच. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्या मतदानाच्या उत्साहात हे विसरायला होतं. दारू विक्रीतून निम्म्याहून जास्त कमाई असलेल्या जागेवर लाल अक्षरांत '५१%' अशी पाटी असते, तिथे आत जायचं नाही. आणि पिणार असाल त्या दिवशी, घरची पार्टी असली तरी, पिस्तूल तिजोरीत. कोणत्याही दुकानाच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली '३०.०६' कलमाची पाटी असेल तर लायसन्सवाल्यानेही लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. देवळांना २०१९ पासून टेक्ससमध्ये वेगळी सरसकट बंदी नाही, पण देवळाने पाटी लावली किंवा तोंडी सांगितलं तर ते पाळायचं. मी तर पाटी नसली तरी देवळात नेत नाही. पोस्ट ऑफिसच्या आवारातली बंदी केंद्राच्या नियमातली आहे आणि तिच्यावर कोर्टात भांडणं चालू आहेत. ती लढायला संघटना आणि त्यांचे वकील आहेत. मी पार्सल टाकायला जाताना पिस्तूल घरी ठेवतो.

गाडीत पोलिसाने थांबवलं तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. त्याने ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पिस्तुलाचंही द्यायचं, पिस्तूल जवळ असेल तर कायद्याने ते बंधनकारक आहे. पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगा, बोटाने दाखवू नका. आणि हॉर्न वाजवून कोणी शिवी दिली तर ती पोटात घाला. पुण्यात स्कूटरवर वाढलेल्या माणसाला हे कठीण जातं, मला अजून जातं.

टेक्ससचं लायसन्स न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया मानत नाहीत. न्यू जर्सीत एडिसनला मावशीकडे गाडीने निघालात तर पिस्तूल बरोबर न घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

घरात मुलं असतील तर तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्या, बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी पटकन उघडणारी. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा टेक्ससमध्ये मोठ्यांचा गुन्हा आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. उशीखाली काय आहे ते चादर बदलताना त्यांना कळायला नको. खंडेनवमीला पूजेत ठेवायचं मन होतं, मीही ठेवलं. मॅगझीन काढून, चेंबर रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून. हळदकुंकू होल्स्टरला लावा. ते पिस्तुलाच्या आत गेलं की साफ करताना जीव जातो.

विमानाने जाताना पिस्तूल न्यायचंच असेल तर ते रिकामं, कडक आणि कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात. हातातल्या बॅगेत विसरलेल्यांची गणती करायची तर एकट्या २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या. ही माणसं गुंड नव्हती, रोजच्या सवयीची होती. पिस्तूल अंगावर आहे हेच ती विसरली होती.

त्यात आपल्याला आणखी एक फाटा आहे, भारताचा. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, पिस्तूल असायची गरज नाही. काडतूस बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं, हा बचाव कोर्टात टिकू शकतो. पण तो मांडेपर्यंत विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि ज्या लग्नाला निघालो ते उरकलेलं असतं. म्हणून रेंजची बॅग वेगळीच घ्या, भडक रंगाची. तिच्यात कधीही कपडे भरू नका, आणि मुलांना शाळेच्या सहलीला देऊ नका. मी आमची जुनी बॅग माळ्यावर टाकण्याआधी अंगणात उलटी करून झटकली होती. अस्तराच्या फाटक्या शिवणीतून नऊ मिलिमीटरची दोन काडतुसं गवतात पडली. त्याच बॅगेतून आम्ही दोनदा मुंबईला जाऊन आलो होतो.