पाण्यातलं जुनं लाकूड तपासताना या चुका टाळा

"सर, दगडासारखं टणक आहे, सुईच जात नाही." करवीर तालुक्यातल्या एका विहिरीचा गाळ काढताना सागवानी तुळई सापडली, तेव्हा एका नवख्या पोराचा हा फोन. मीही गाफील. म्हणालो, उचला. वर ओढताना दोर लाकडात रुतला आणि बाहेरचा थर केळ्याच्या सालीसारखा सुटून परत विहिरीत. मालक म्हणाले, "पाव्हणं, हे आता जळणालाबी चालायचं न्हाई."

लाकूड किती कुजलंय ते सुई टोचून बघतात, जितकी खोल जाईल तितकं कुजलेलं. पठ्ठ्यानं ती टोचली होती तुटलेल्या टोकाला, ऐन गाभ्यात. आणि गाळातलं लाकूड कुजतं बाहेरून आत. लाकडाचे दोन मुख्य घटक, सेल्युलोज आणि लिग्निन. जीवाणू सेल्युलोज खातात, लिग्निनचा सांगाडा उरतो, रिकाम्या जागेत पाणी बसतं. म्हणून करवतीच्या खुणासुद्धा शाबूत दिसतात आणि माणूस फसतो. टोचायचं ते बाजूनं, दर वितीवर, चारी अंगांनी. किती मिलिमीटर गेलं ते तिथंच लिहायचं. मी कायम एकच बारीक दाभण वापरतो. हात बदलला की आकडा बदलतो, म्हणून टोचणाराही एकच.

नुसत्या टोचण्यावर भागवू नका, वजन करा. त्याच तुळईच्या बाहेरच्या थराचा तुकडा ओला १२ ग्रॅम भरला, १०५ अंशांवर वाळवून २ ग्रॅम. १० ग्रॅम पाणी भागिले २, म्हणजे कोरड्या लाकडाच्या ५०० टक्के पाणी. गाभा ११४ टक्के, जवळपास पाण्यात मुरलेल्या धडधाकट सागवानाइतकाच. ढोबळमानानं ४०० च्या वर म्हणजे पार गेलेलं, १८५ ते ४०० मधलं, त्याखाली बरं. एकाच तुळईत दोन टोकं! सरासरी काढणाऱ्याला माझा नमस्कार. आणि रात्रभर भट्टीत ठेवलं म्हणजे वाळलं असं नाही. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत थांबा.

लोखंडी खिळ्याजवळचा तुकडा नमुन्याला घेऊ नका, गंज वजनात मिसळतो.

गुंडाळायला बारदान नको, बुरशी धरते. जुनी धुतलेली सुती साडी ओली करून, वर प्लास्टिक.

"दोन दिवस उन्हात ठेवून बघू" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. पाणी जाताना पोकळ पेशींना आत ओढून घेतं. लाकूड आक्रसतं, तडकतं, परत भिजवून पूर्ववत होत नाही. स्टॉकहोमचं बुडालेलं लाकडी 'वासा' जहाज १९६१ मध्ये वर काढलं, त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं द्रव्य) फवारणी १७ वर्षं चालली. आमच्याकडे सोमवारी सापडलेलं लाकूड शनिवारी वॉर्निश लावून मांडायचं असतं.