नदीवर रोइंग शिकावे कसे, आणि क्लबच्या कामात हात घालावा कसा

पुण्यात 'बोट क्लब रोड' म्हटले की बहुतेकांना दाट सावली आणि महागडी घरे आठवतात. त्या नावातला बोट क्लब मात्र खरोखरीच नदीकाठी आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मुळा आणि मुठा यांच्या संगमापासून खाली बंडगार्डनच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी अडून राहते, आणि त्या अडलेल्या पाण्यामुळेच या शहरात रोइंग रुजले. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे) विद्यार्थी १९२८ पासून आपला 'रेगाटा', म्हणजे होड्यांचा उत्सव, याच पाण्यावर भरवत आले आहेत. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नसते. नदीवर वल्हे मारण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. नवखा मनुष्य क्लबच्या दाराशी येऊन नेमके काय करतो, एवढेच कोणी नीट सांगत नाही.

शिकणे आणि क्लबचे काम करणे या दोन गोष्टी पुढे मुद्दामच एकत्र सांगितल्या आहेत. माझ्या अनुभवात पाण्यावरच्या एका तासामागे काठावर निदान तासभराचे काम असते, आणि जो ते काम पहिल्या आठवड्यापासून करतो त्याला बोटही लवकर कळते.

पहिली पायरी: आधी नदी पाहावी, मग क्लब

शुल्क भरण्यापूर्वी दोन सकाळी नुसते काठावर जाऊन उभे राहावे. रोइंग सूर्योदयापासून आठ-साडेआठपर्यंत जोरात चालते, कारण त्यानंतर वारा उठतो आणि अरुंद बोटींना लाटा सोसत नाहीत. या वेळात तीन गोष्टी पाहाव्यात: पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येक बोटीची वेळ नोंदवहीत लिहिली जाते का, बचावाची मोटारबोट जागेवर तयार आहे का, आणि फेकण्याचा दोर हाताशी टांगलेला आहे की कुलपाआड ठेवलेला. मग सरळ विचारावे, 'आज पाण्यात जायचे नाही, हे कोण ठरवते?' याचे उत्तर एका माणसाकडे बोट दाखवून मिळाले पाहिजे. 'आम्ही सगळे मिळून बघतो' असे उत्तर आले, तर दुसरा क्लब शोधावा.

नदीचा आकडा वाचायला याच टप्प्यावर शिकावे. खडकवासल्यातून मुठेत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तेव्हा हजार क्युसेक ही बातमी म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर पाणी खाली निघाले आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत सांगतात, आणि तेथे ४० फुटांना इशारा व ४५ फुटांना धोका मानतात. हे आकडे वस्तीच्या रक्षणासाठी ठरवलेले असतात. रोइंग त्याच्या कितीतरी आधी थांबवावे लागते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने पाहिले तर त्याच्या माथ्यावरून सांडणारे पाणी अगदी गुळगुळीत आणि शांत दिसते, आणि नवख्याला फसवते ते हेच. खाली पडलेले पाणी स्वतःभोवती फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू सहज बाहेर फेकली जात नाही. म्हणून बंधाऱ्याच्या अलीकडे ज्या खुणेपाशी बोटी वळवतात ती खूण पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी.

दुसरी पायरी: पोहणे आणि अंगाची तयारी

अंगावर कपडे असताना पन्नास मीटर पोहता येणे, ही अट कोणी घातली नाही तरी स्वतःला घालावी. पोहता येत नसेल तर आधी तलावावर दोन महिने घालवावेत. त्यात कमीपणा काही नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी भागातल्या गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंगकडे वळला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारण्याच्या शर्यतीत, तेरावा आला. नदीकाठी जन्म झाला नाही, ही सबब त्यानंतर कोणी सांगू नये.

बोट उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहायचे नाही, हा नियम मनावर ठसवून घ्यावा. उलटलेली बोट बुडत नाही, ती तरंगते. तिला धरून राहिलेला माणूस दुरून दिसतो आणि मोटारबोट त्याच्याकडे येते. हा सराव आधी तलावात करून घेणारा क्लब चांगला समजावा.

आपल्या बहुतेक शहरी नद्यांत सांडपाणी मिसळते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हातापायावर ओरखडा असेल तर जलरोधक पट्टी लावूनच पाण्यावर जावे, पाणी तोंडात जाऊ देऊ नये, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांच्या बशीला हात लावू नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना आपण नदीच्या पाण्यात होतो हे आपणहून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिसची शंका त्या एका वाक्यावरून येते.

तिसरी पायरी: अर्गोमीटर

बोटीत बसण्याआधी दहा-बारा दिवस अर्गोमीटर नावाच्या, जमिनीवरच वल्हे ओढण्याचा सराव देणाऱ्या यंत्रावर बसवतात. कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये. क्रम एवढाच: ओढताना आधी पाय, मग कंबरेतून पाठ, शेवटी हात, परत जाताना आधी हात, मग पाठ, शेवटी गुडघे. नवखे लोक परत जाताना गुडघे आधी उचलतात आणि मग हात गुडघ्यांवरून फिरवावे लागतात. पाण्यावर हीच चूक वल्हे पाण्यात अडकवते. मिनिटाला अठरा ते वीस ओढी पुरेत. यंत्राची ओढ जड-हलकी करणारा दांडा दहावर, म्हणजे सर्वांत जड खुणेवर, ठेवून ताकद दाखवणाऱ्यांचे अनुकरण करू नये.

चौथी पायरी: बोट उचलणे

मला वाटते, रोइंगमधला सर्वांत महत्त्वाचा धडा जमिनीवर होतो. एकट्याची बोट आठ मीटरच्या आसपास लांब, बसण्याच्या जागी जेमतेम तीस सेंटिमीटर रुंद आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान १४ किलो वजनाची असते. आठ जणांची बोट सतरा मीटरहून लांब, म्हणजे शहरातल्या बारा मीटरच्या बसपेक्षाही लांब, आणि किमान ९६ किलोची. माणशी बारा किलो हे वजन काही फार नाही. अडचण वजनाची नसते, ती लांबीची असते: पुढच्याने डावीकडे एक पाऊल टाकले की मागचे टोक बोटहाऊसच्या खांबाकडे झेपावते.

म्हणून बोट उचलताना एकच आवाज चालतो, तो कॉक्सचा, म्हणजे बोटीला दिशा देणाऱ्या आणि हुकूम सोडणाऱ्या माणसाचा, किंवा कॉक्स नसेल तर पुढच्या टोकाशी असलेल्या माणसाचा. 'हातावर', 'कमरेवर', 'खांद्यावर', 'थांबा', असे हुकूम येतात आणि हुकूम आल्याशिवाय बोट कोणी हलवायची नाही. रिगरला, म्हणजे वल्हे बसवण्यासाठी बाजूला काढलेल्या आडव्या चौकटीला, धरून बोट उचलू नये. जेटीच्या काठाशी आल्यावर पायाची बोटे अगदी कडेला लावावीत, बोट पोटाजवळून फिरवून सुलट करावी आणि हात शक्य तितके लांब करून पाण्यावर ठेवावी, कारण तिच्या बुडाशी तळहाताएवढे फिन, म्हणजे माशाच्या परासारखे पाते, असते आणि ते जेटीच्या कडेला लागता कामा नये.

माझ्या पहिल्या हंगामात मी मागच्या टोकाशी होतो. 'खाली' हा शब्द पूर्ण होण्याआधी मी हात सैल सोडला आणि फिन सिमेंटच्या कडेवर तुटले. फिन नसलेली बोट सरळ जात नाही, त्यामुळे त्या सकाळी आम्ही चौघेही काठावरच राहिलो. बाकीचे तिघे मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पाचवी पायरी: बसणे आणि पहिली ओढ

बोट पाण्यात ठेवल्यावर आधी काठाकडचे आणि मग पाण्याकडचे वल्हे रिगरच्या खोबणीत घालून त्या खोबणीचा आडवा दांडा घट्ट पिळावा. स्कलिंगमध्ये प्रत्येकाकडे दोन वल्ही असतात. लाल खुणेचे उजव्या हातात येते आणि हिरवे डाव्या हातात, कारण आपण बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. पाण्याकडच्या हातात दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एकत्र धराव्यात, दुसऱ्या हाताने काठाकडच्या रिगरचा आधार घ्यावा, आणि सरकत्या बैठकीच्या रुळांमधल्या फळीवरच पाय ठेवून बसावे. तिच्या बाहेर बोटीचा पातळ तळ असतो आणि त्यावर पडलेली टाच थेट आरपार जाऊ शकते.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकली तरी पुरे: मुठी सोडायच्या नाहीत. दोन्ही वल्ही पाण्यावर आडवी पसरलेली असतात तोवर, डोंबाऱ्याच्या हातात काठी असावी तशी, ती बोट तोलून धरतात. डास मारायला एक हात सुटला की पुढचे सांगायला नको. पात्यांना पाण्यावर नुसते आडवे तरंगू द्यावे आणि बोट किती डुलते व आपोआप किती सावरते हे पाच मिनिटे बसून पाहावे. त्यानंतर पाय न हलवता नुसत्या हातांनी ओढी माराव्यात, मग पाठ मिसळावी, आणि सरकती बैठक सर्वांत शेवटी. पाते पाण्यात जेमतेम झाकले जाईल इतकेच खोल जावे. मूठ तळव्यात आवळू नये, बोटांच्या पेरांत अडकवावी. तळहाताला फोड येणार, तो सुईने फोडू नये.

निघताना शक्य तेथे आधी प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच साथ देते. जेटीला लागतानाही तोंड वरच्या अंगाला ठेवावे. दर सात-आठ ओढींनंतर मान वळवून मागे पाहावे, कारण आपण जात असतो तिकडे आपली पाठ असते.

सहावी पायरी: काठावरचे काम

परत आल्यावर बोट गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवावी, रूळ पुसावेत आणि नोंदवहीत परतीची वेळ लिहावी. येथून स्वयंसेवकाचे काम सुरू होते आणि त्याला रोइंग येण्याची गरज नसते. निवृत्त गृहस्थ, पालक, कॉलेजची मुले, कोणीही नोंदवही सांभाळू शकतो. माझ्या मते ती क्लबमधली सर्वांत जबाबदारीची जागा आहे, कारण कोणती बोट अजून पाण्यावर आहे हे त्याच एका माणसाला ठाऊक असते.

थंडी सरताना जलपर्णी नदी झाकू लागते आणि मग सगळ्यांचेच हात लागतात. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून काढलेली जलपर्णी परत येणार हे गृहीत धरून पट्टा वाटून घ्यावा, आणि सगळी नदी एका रविवारी साफ करण्याचा संकल्प करू नये. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत, लांब दांड्याच्या दाताळ्याने मुळांसकट ओढावे, हात घालण्याआधी गुंता दाताळ्याने हलवावा, कारण त्यात साप असू शकतो. ढीग काठापासून बराच वर रचावा, नाहीतर पहिल्या पावसात तोच पुन्हा नदीत जातो. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, तेव्हा एक-दोन दिवस निथळू दिल्यावरच टेम्पो बोलवावा. आम्ही एकदा ओलीच भरली आणि भाडे पाण्याचे दिले. सांडपाण्यात वाढलेली ही पाने जनावरांना घालू नयेत.

शर्यतीच्या दिवशी कामे आणखी वाढतात: वेळ नोंदवणारे, निशाण दाखवणारे, बोटींचे क्रमांक लावणारे. सुरुवातीच्या रेषेवर तराफ्यावर पालथे पडून प्रत्येक बोटीचे मागचे टोक हातात धरणारा स्वयंसेवक फोटोत कधी येत नाही. तो बोट ढकलत नाही आणि खेचतही नाही, निशाण पडताच फक्त हात सोडतो. नवख्याने एकदा हे काम मागून घ्यावे. शर्यत सुटताना बोट हातातून कशी निघते, हे इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाही.

जूनमध्ये पाणी गढूळ होऊन चढू लागले की बोटी वरच्या फळ्यांवर चढवतात, जेटीचे दोर वाढवून बांधतात आणि वल्ही पोटमाळ्यावर जातात. पावसाळ्यातले चार महिने बैठकीची चाके उघडून साफ करणे, झिजलेले नट बदलणे, बचाव जाकिटांचे बंद ओढून तपासणे, अशी कामे निघतात. ज्यांना हिवाळ्यात शिकायला सुरुवात करायची आहे, त्यांनी नाव नोंदवायला याच दिवसांत जावे. शिकवणाऱ्याकडे तेव्हा बोलायला वेळ असतो आणि पान्हा धरायला माणूस हवाच असतो.