छापलं, पण वेडंवाकडं: एका सिस्टिमची फाइल दुसरीकडच्या प्रिंटरवर काढताना या चुका टाळा

लिनक्सवरून साधी टेक्स्ट फाइल प्रिंटरला पाठवली आणि कागदावर जिना तयार झाला. पहिली ओळ डावीकडून सुरू, दुसरी पहिली संपली तिथून, तिसरी आणखी पुढे आणि चौथी कागदाबाहेर. अशा वेळी आपण हमखास नेटवर्कच्या मागे लागतो: केबल काढून लाव, राउटर बंद-चालू कर, ड्रायव्हर पुन्हा टाक. पण कागदावर काहीतरी उमटलं ना? मग नेटवर्कनं आपलं काम केलं आहे. निरोप पोहोचला, प्रिंटरनं तो वेगळा वाचला.

जिन्याचं मूळ टेलिप्रिंटरच्या काळात आहे. तिथे ओळ बदलायला दोन हालचाली लागत: छापणारं डोकं डावीकडे नेणं (कॅरेज रिटर्न म्हणजे सीआर, कोड १३) आणि कागद एक ओळ वर सरकवणं (लाइन फीड म्हणजे एलएफ, कोड १०). विंडोज आजही ओळीच्या शेवटी दोन्ही लिहितं. युनिक्स, लिनक्स आणि आजचं मॅक फक्त १० लिहितात, म्हणून कागद सरकतो पण डोकं डावीकडे येत नाही आणि जिना होतो. जुन्या मॅकवर फक्त १३ असे. तशी फाइल सरळ पाठवली तर सगळ्या ओळी एकमेकींवर छापून काळा पट्टा होतो.

नोटपॅडमध्ये नीट दिसते म्हणजे फाइल ठीक, ही दुसरी चूक. २०१८ पर्यंत नोटपॅड युनिक्सची फाइल एका लांबलचक ओळीत दाखवायचं, म्हणजे निदान शंका तरी यायची. आता ते समजुतीनं घेतं. खालच्या पट्टीवर 'एलएफ' (फक्त १०) आहे की 'सीआरएलएफ' (१३ आणि १० दोन्ही), ते वाचा. 'युनिक्स-टू-डॉस' नावाचं साधन एका फटक्यात फाइल बदलून देतं.

प्रिंटरच्या सेटिंगमध्येही उपाय असतो, पण तिथे घाई नको. 'एलएफ आला की सीआर जोड' हे निरुपद्रवी आहे. विंडोजच्या फाइलमध्ये डोकं फार तर दोनदा डावीकडे जाईल. उलटं, म्हणजे 'सीआर आला की एलएफ जोड' असं ठेवलंत, तर त्याच फाइलमध्ये प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. मग लोक वर्डमधलं लाइन स्पेसिंग कमी करत बसतात!

शेवटचं पान बाहेरच येत नाही आणि दिवा लुकलुकतो? लेझर प्रिंटर पान भरण्याची वाट बघतोय. साध्या टेक्स्टच्या शेवटी फॉर्म फीड (कोड १२) नसेल तर असं होतं.

पानंच्या पानं '%!' पासून सुरू होणाऱ्या अगम्य मजकुरानं भरत असतील, तर पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा) न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट गेलं आहे. आधी काम रद्द करा, कागद वाचवा. क्यू (छपाईच्या कामांची रांग) 'रॉ', म्हणजे फाइल जशीच्या तशी पुढे पाठवणारी, ठेवली असेल तर मधे कुणी भाषांतर करत नाही. ड्रायव्हर एकाच बाजूला, पण योग्य मॉडेलचा हवा. देवनागरीचंही तसंच: यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची आजची रूढ पद्धत) एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टना त्यांचा पत्ता नसतो. असा मजकूर पीडीएफ करून ड्रायव्हरमार्फतच पाठवावा.

कागदाचा आकारही तपासा. फाइल 'लेटर' या अमेरिकी आकाराची, ट्रेमध्ये ए-४, आणि प्रिंटर गप्प. त्याच्या छोट्या पडद्यावर कागदाची मागणी असते, जी कुणी वाचत नाही.

आणि खरंच काहीच उमटलं नाही, तरच नेटवर्ककडे वळा. प्रिंटरला डीएचसीपीनं (नेटवर्कवरचे पत्ते आपोआप वाटणारी सोय) नवा पत्ता दिला का, ते आधी बघा. तो पत्ता राउटरमध्ये प्रिंटरसाठी राखून ठेवा. मग पोर्ट (प्रिंटर ज्या क्रमांकाच्या दारावर काम घेतो तो): थेट पाठवणीला बहुधा ९१००, आणि छपाईचं काम पाठवण्याच्या आयपीपी व एलपीडी या पद्धतींना अनुक्रमे ६३१ आणि ५१५. सगळं जुळूनही काम अडकलेलं असेल, तर क्यू मागच्या एखाद्या चुकीनंतर थांबलेली असू शकते. ती हातानं पुन्हा सुरू करा. पण त्याआधी रांगेत साचलेल्या त्याच फाइलच्या सात प्रती काढून टाका.