वायदा, तगादा, बुडीत : कंपनी उत्तरच देत नाही तेव्हा

एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री झाल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंत माझे अकरा महिने गेले. १४३ अर्ज. १६ ठिकाणी मुलाखत. 'तुमची निवड झालेली नाही' असं स्वच्छ कळवणारे ९. बाकीचे सगळे गप्प. हे आकडे मला पाठ नाहीत, वहीत बघून लिहितेय. ही वही कशी ठेवायची तेच आधी सांगते, कारण त्या वर्षात मला सगळ्यात जास्त आधार तिचाच झाला. कल्पना मात्र माझी नाही.

आमचे आण्णा नंदुरबारला मिरचीच्या आडतीवर मुनीम होते. हिवाळ्यात ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हात लावून डोळे चोळायची कुणाची हिंमत नसायची. मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाईलवर मेल उघडायची, बोटाने खाली ओढायची, परत उघडायची. आण्णांनी आठ-दहा दिवस बघितलं आणि विचारलं, "काय व, कोननी वाट देखी ऱ्हायनी?"

म्हटलं, चाळीसेक कंपन्यांना अर्ज केलेत.

"कोनकोनले?"

मला धड दहा नावं सांगता येईनात. कोणाला कधी पाठवला, कुठल्या पदासाठी, काहीच नाही. आण्णांनी कपाळाला हात लावला. "उधारी दिधी नि लिखी नही?"

दुसऱ्या दिवशी आडतीतली लाल कापडाची वही घेऊन आले.

वहीचे रकाने

पाच रकाने पुरतात. तारीख. कंपनी आणि पद. कोणाला पाठवला (एचआरचं नाव नि नंबर आहे, की नुसतं पोर्टलवर टाकला). वायदा. शेरा.

यातला चौथा रकाना महत्त्वाचा. आडतीवर वायदा म्हणजे समोरच्याने पैसे द्यायची कबूल केलेली तारीख. कंपनी वायदा करत नाही, म्हणून तो आपणच टाकायचा, आणि अर्ज पाठवल्या दिवशीच टाकायचा. नुसता अर्ज असेल तर मी १५ दिवस धरायची. मुलाखत झाली असेल तर खुर्चीवरून उठायच्या आधी विचारायचं, "सर, निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल?" ते सांगतील त्याच्या पुढे तीन दिवस. पहिल्या सहा मुलाखतींत मला हे विचारायची लाज वाटली. सातव्यांदा विचारलं तर समोरच्या बाई सहज म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत." म्हणजे मी उगाचच सहा वेळा महिना-महिना झुरले होते.

वायदा टळला की तगादा. एकच, आणि चार ओळींचा. अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज केला होता किंवा मुलाखत दिली होती, मला अजूनही त्यात रस आहे, लगेच रुजू होऊ शकते, पुढचं काय ठरलं ते कळवलंत तर बरं होईल. बस. 'आपण उत्तर दिलं नाहीत' हे वाक्य त्यात येऊ द्यायचं नाही. सीव्ही पुन्हा जोडायचा, कारण तुमचा जुना मेल शोधण्याचे कष्ट कुणी घेणार नाही. फोन करायचा असेल तर अकरा-बाराच्या सुमारास. सोमवारी सकाळी तर नाहीच.

त्यानंतर आणखी सात दिवस. तरी सामसूम असेल तर लाल पेनने आडवी रेघ आणि शेऱ्यात 'बुडीत'. त्या कंपनीचं नाव पुन्हा गुगल करायचं नाही, लिंक्डइनवर तिथं कोण लागलं ते बघायचं नाही. आण्णांचं म्हणणं, "बुडना ते बुडना, पन वही बंद नही करानी." म्हणजे रेघ मारली त्याच दिवशी खाली दोन नव्या ओळी.

आधी माझ्या डोक्यात चाळीसच्या चाळीस कंपन्या एकाच वेळी जिवंत होत्या. फोन वाजला की त्यातली कुठलीही असू शकते, म्हणून मोबाईल कंपनीचा फोन आला तरी छातीत धस्स व्हायचं. वही सुरू केल्यावर कुठल्याही दिवशी फार तर आठ-दहा ओळी चालू असायच्या. बाकीच्यांचा निकाल मी लावलेला असायचा, त्यांनी नाही. मेलही मग दिवसातून दोनदाच बघायला लागले, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. रात्री अकराला कुठलीही एचआर ऑफर लेटर पाठवत नाही.

तिकडे काय चाललेलं असतं

आता मी गुजरातमधल्या अंकलेश्वरला क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे, आणि ही शांतता तयार कशी होते ते जवळून बघितलंय. मागे एका पदाची जाहिरात निघाली. तीन दिवसांत अडीचशेच्या वर सीव्ही आले. बघणारा माणूस एकटा, आणि त्याच्याकडेच हजेरी, गेट पास, कँटीनच्या कंत्राटदाराची भांडणं. त्याने वरचे पस्तीस प्रिंट काढले. त्यातून एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलेले आणि जवळपास राहणारे नऊ जण बोलावले. दोन जण पक्के केले. तेवढ्यात एक ऑर्डर पुढे गेली, आणि जागा 'होल्ड'वर. सात जणांना 'नाही' कळवायचं राहिलं, दोघांना 'हो' कळवायचं राहिलं, आणि जाहिरात पोर्टलवर पुढे दीड महिना तशीच लटकत होती. लोक अर्ज करतच होते.

छत्तिसाव्या नंबरच्या सीव्हीत काय खोट होती? काहीच नाही, तो उघडलाच नाही. माझ्या शंभरेक बुडीत ओळींतल्या किती जणी अशा छत्तिसाव्या होत्या, कोण जाणे. मी मात्र प्रत्येक वेळी आरशासमोर उभी राहून स्वतःत खोट शोधत होते.

यावरून करण्यासारख्या गोष्टी दोन-तीनच. जाहिरात दिसली की पहिल्या दोन दिवसांत पाठवा. मेलच्या विषयातच पद, शिक्षण आणि 'लगेच रुजू' लिहा. नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल दर आठवड्याला थोडं तरी हलवा, कारण अलीकडे कोण सक्रिय आहे ते बघून गाळणी लावण्याची सोय तिथं कंपन्यांना असते. आणि आतला ओळखीचा माणूस शोधा. वापी, अंकलेश्वर, तारापूर या केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यात आपल्या नंदुरबार-शहादा-दोंडाईच्याकडची केमिस्ट्रीवाली पोरं थोडीथोडकी नाहीत. सीनियरला मेसेज करायला मला संकोच वाटायचा. आता मला कुणाचा मेसेज आला की उलट बरंच वाटतं.

गाडी कुठे अडते

सगळंच 'नशीब' म्हणून सोडून द्यायचं नाही. महिन्यातून एकदा वही उलटीकडून वाचायची. तीस अर्ज गेले आणि एकही फोन नाही, तर गडबड सीव्हीत किंवा अर्ज करायच्या जागेत आहे. फोन येतो पण मुलाखत लागत नाही, तर पगार किंवा ठिकाण विचारल्यावर तुम्ही काय बोलताय ते तपासा. मुलाखत होते आणि तिथंच संपतं, तर विषय कच्चा आहे.

माझे पहिले दोन महिने फोनच नव्हते. सीव्हीत मी लिहिलं होतं, 'उत्तम विश्लेषण कौशल्य, संघभावना'. एका सीनियरने फोनवर शिव्या घातल्या. मग लिहिलं की एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच मीटर आणि कार्ल फिशर टायट्रेशन (नमुन्यातलं पाणी मोजायची पद्धत) स्वतः केलंय, एचपीएलसीवर सरांच्या देखरेखीखाली नमुने चालवलेत. पुढच्या पंधरा दिवसांत चार फोन. बदल मुद्दाम एकच केला होता, म्हणून कशाने फरक पडला ते कळलं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. लॅबमध्येही हेच, घरीही हेच.

मग मुलाखतीत अडायला लागले. वापीला एकाने विचारलं, "मोबाईल फेजचा पीएच कशाला बघायचा?" (मोबाईल फेज म्हणजे एचपीएलसीत नमुना वाहून नेणारं द्रावण.) मी म्हटलं, "मेथडमध्ये दिलेला असतो म्हणून." ते हसले, आणि मला तिथल्या तिथे कळलं. बाहेर पडल्यावर स्टेशनच्या बाकावर बसून, रडायच्या आधी, प्रश्न जसाच्या तसा वहीच्या मागच्या पानावर लिहिला. घरी येऊन उत्तर काढलं: आम्ल-अल्कली स्वरूपाचा रेणू पीएचप्रमाणे आयनीभूत होतो, त्यामुळे तो कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीत, किती वेळ थांबेल ते बदलतं, शिवाय साधा सिलिकाचा कॉलम साधारण २ ते ८ पीएचमध्येच टिकतो. हाच प्रश्न पुढे मला तीनदा आला. तेव्हा मुलाखतीतून बाहेर पडलात की पहिल्या अर्ध्या तासात प्रश्न उतरवून घ्या. दुसऱ्या दिवशी फक्त अपमान आठवतो, प्रश्न आठवत नाही.

वॉक-इनबद्दल, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या मुलाखतीबद्दल, एक. नंदुरबारहून सुरत, तिथून गाडी बदलून पुढे, म्हणजे जाऊन-येऊन दिवस आणि पैसे दोन्ही जातात. निघायच्या आधी फोन करून एवढंच विचारायचं, "फ्रेशर चालतील का?" एकदा न विचारता गेले. गेटवर दीडशे पोरं रांगेत होती, आणि वॉचमन सांगत होता, दोन वर्षांचा अनुभव नसेल त्यांनी थांबू नका. डब्यातली कळण्याची भाकरी परतीच्या गाडीत खाल्ली. जायचंच असेल तर त्याच गावात आणखी एक-दोन कंपन्यांत सीव्ही द्यायचं ठरवून जायचं, म्हणजे वाया गेल्यासारखं वाटत नाही.

लोक

कंपन्यांच्या गप्प बसण्यापेक्षा आपल्या लोकांचं बोलणं जास्त लागतं. आखाजीला पोरी माहेरी येतात, कानबाईच्या रोटांना सगळं भाऊबंद जमतं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "लागनी का नोकरी?" मी आधी सविस्तर सांगायची: अमुक ठिकाणी दुसरा राउंड झालाय, बहुतेक होईल. मग ते झालं नाही की तेही सांगावं लागायचं. पुढे एकच उत्तर ठरवलं: "लागनी की पेढे घी इसू, आत्या." हसून म्हणायचं आणि विषय त्यांच्या सुनेवर न्यायचा. चालू असलेल्या मुलाखतीची गोष्ट घरातल्या एका माणसापलीकडे सांगू नका. माझा तो माणूस आण्णा.

दिवसात एक तरी काम असं ठेवा जे संध्याकाळी संपलेलं दिसतं. अर्ज कधीच संपत नाहीत, म्हणून माणूस दिवसभर राबूनही रिकामा वाटतो. मी दहावीच्या सहा मुलांची शिकवणी घेतली. सीझनमध्ये आईबरोबर बसून मिरचीचे देठही खुडले. बोटं रात्रभर भगभगायची, पण पोतं संपलेलं दिसायचं. पैशांची ओढाताण असेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही चालू आहे का ते बघा. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं.

सातव्या महिन्यात मला फोन आला: निवड झाली आहे, मुलाखतीची गरज नाही, युनिफॉर्म आणि मेडिकलचे २,५०० रुपये आज संध्याकाळपर्यंत भरा. एवढ्या शांततेनंतर कुणी तरी 'हो' म्हणत होतं. मी आण्णांकडे पैसे मागितले. ते म्हणाले, "वहीत दाखाड." वहीत त्या कंपनीची ओळच नव्हती, मी तिथं अर्ज केलाच नव्हता. नोकरी देणारा कधीही पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि वही, शिकवणी, काही करूनही झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. केंद्र सरकारचा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मी नवव्या महिन्यात एकदा केला होता. वीसेक मिनिटं बोलले, आणि त्या रात्री झोपले. आण्णांना हे अजून माहीत नाही.

शेवटची एक गोष्ट राहिली, उशिरा येणाऱ्या फोनची. रुजू होऊन आठ महिने झाल्यावर बुडीत खात्यातल्या एका कंपनीचा फोन आला, "मॅडम, अजून इंटरेस्टेड आहात का?" अशा वेळी टोमणा मारायची फार इच्छा होते. मारू नका. माझी सोय झालीय, पण ओळखीची एक चांगली मुलगी आहे असं सांगून मी माझ्या मागच्या बॅचच्या शहाद्याच्या मुलीचा नंबर दिला. ती जाऊन मुलाखत देऊन आली. दोन महिने झाले, तिला अजून काहीच कळवलेलं नाही. मागच्या रविवारी तिच्यासाठी वही घेतली, आणि पहिल्या ओळीवर लाल रेघ मीच मारून दिली.