आफ्रिकेवरच्या वादविवादाची तयारी मी मुलांकडून कशी करून घेते

कनिष्ठ महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत एक विषय फिरून फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: 'आफ्रिकेतील राजकीय दुरवस्थेस वसाहतवादापेक्षा स्थानिक नेतृत्वच अधिक जबाबदार आहे.' मी सांगलीत इतिहास शिकवते आणि तासगाव, पलूस, कवठे महांकाळकडून एसटीनं येणाऱ्या मुलांची या स्पर्धांसाठी तयारी घेते. हा विषय निघाला की मुलांना तो सोपा वाटतो. अनुकूल बाजूचा युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यापासून सुरू करतो, प्रतिकूल बाजूचा गुलामांच्या जहाजांपासून, मध्ये मंडेलांचा एक दाखला आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य. मला हे मनापासून खटकतं. कोट्यवधी माणसांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे, तो पाठांतरावर निभावून नेऊ नये. नीट तयारी केली तर याच विषयावर मुलं फार चांगलं बोलतात, हे मी पाहिलं आहे.

पहिलं काम म्हणजे खंड सोडून देशावर येणं. आफ्रिकेत ५४ देश आहेत. 'आफ्रिकेत असं झालं' अशी सुरुवात असलेलं प्रत्येक वाक्य मी खोडायला लावते आणि तिथं देशाचं नाव आणि साल लिहायला सांगते. निम्मं भाषण तिथंच गळून पडतं, ते पडू द्यावं. देश तीनच घ्यायचे. मी काँगो, घाना आणि बोत्स्वाना देते, कारण या तिघांत दोन्ही बाजूंना बळ मिळतं आणि दोन्ही बाजूंची अडचणही होते.

मग वहीचं एक आडवं पान घ्यायचं आणि चार रकाने पाडायचे: साल, निर्णय, सही कोणाची, आणि त्या वेळी दुसरी वाट होती का. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तोच कामाचा असतो. ज्याच्यापुढे दुसरी वाट होती आणि तरी त्यानं ती घेतली नाही, त्याच्यावरच जबाबदारी टाकता येते. हे पान भरून झाल्याशिवाय मी कोणाला भाषण लिहू देत नाही.

काँगोचं पान भरून बघा. १८८५ ते १९०८ हा प्रदेश बेल्जियम देशाचासुद्धा नव्हता, राजा लिओपोल्ड दुसरा याची ती खासगी मालमत्ता होती. रबर ठरल्याइतकं आलं नाही तर गावंच्या गावं जाळत, माणसांचे हात तोडत. पुढं १९६० पर्यंत बेल्जियमचं सरकारी राज्य. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एवढ्या अवाढव्य देशात पदवीधर तीसच्या आत होते आणि सैन्यात एकही काँगोली माणूस अधिकारी नव्हता. आठवडाही उलटला नाही तोच सैनिकांनी बंड केलं. सैन्याचा बेल्जियन प्रमुख जनरल यान्सेन्स यानं त्यांच्यापुढे फळ्यावर लिहिलं होतं की, स्वातंत्र्याच्या आधी जे होतं तेच स्वातंत्र्यानंतरही. ११ जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फुटला, त्याच्या पाठीशी बेल्जियमचे सैनिक आणि खाण कंपनीचा पैसा होता. १७ जानेवारी १९६१ ला देशाचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना कटांगात गोळ्या घातल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तिथं हजर होते. बेल्जियमच्या सरकारनं २००२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

इथपर्यंत पान भरलं की प्रतिकूल बाजूचा विद्यार्थी खूश होतो. त्याला मी पुढच्या ओळीही त्याच पानावर भरायला लावते. १९६५ मध्ये लष्करप्रमुख मोबुटू सत्तेवर आला तो १९९७ पर्यंत हलला नाही. १९७३ मध्ये त्यानं परदेशी लोकांचे मळे, दुकानं, धंदे काढून घेतले आणि आपल्या माणसांत वाटले. चालवणाऱ्यांना धंदा माहीत नव्हता, थोड्याच वर्षांत दुकानं ओस पडली. स्वतःच्या गबाडोलिते गावी महाल बांधला आणि कॉन्कॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. त्या निर्णयांच्या वेळी दुसरी वाट होती का? होती, आणि ती त्याला दिसत होती. मात्र सहीच्या रकान्यात मोबुटूच्या नावाखाली आणखी एक नाव बारीक अक्षरात लिहायचं: अमेरिका. शीतयुद्धात कम्युनिस्टांविरुद्धचा आपला माणूस म्हणून त्याला वर्षानुवर्षं पोसलं. हे नाव वसाहतवादाच्या खात्यात जातं की नाही, यावर मुलांची चांगली जुंपते. जुंपू द्यावी.

घाना मला सगळ्यात आवडतो, कारण आपल्याकडच्या मुलांना तो चटकन कळतो. तिथलं मुख्य पीक कोको. १९३७-३८ मध्ये गोऱ्या कंपन्यांनी एकी करून भाव पाडले म्हणून शेतकऱ्यांनी माल विकायचाच थांबवला होता. पुढं १९४७ मध्ये ब्रिटिशांनी कोको मार्केटिंग बोर्ड काढलं. शेतकऱ्याचा कोको परदेशी विकणार फक्त बोर्ड, आणि शेतकऱ्याला दर देणार तोही बोर्डानं ठरवलेला. जागतिक भाव चढले की मधला फरक बोर्डाकडे साठायचा आणि तो पैसा लंडनमध्ये ठेवला जायचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभं राहिलेल्या घरातल्या मुलांना मी एवढंच सांगते: समजा, सगळे व्यापारी गेले, एकच घेणारा उरला, आणि त्यानं दराची पाटी सकाळीच लावून ठेवली. कवठे महांकाळकडच्या एका मुलीनं लगेच विचारलं, "मॅडम, मग वरचे पैसे कोणाचे?" अख्खा वादविवाद त्या प्रश्नात आहे. तिनं पुढं तोच प्रश्न भाषणात जसाच्या तसा घेतला.

कारण हे बोर्ड गोऱ्यांनी काढलं, पण वापरलं कोणी? क्वामे एन्क्रुमा १९५२ मध्ये पंतप्रधान झाले. गव्हर्नर अजून ब्रिटिशच होता, पण सरकार निवडून आलेलं होतं. १९५४ मध्ये त्या सरकारनं शेतकऱ्याचा दर गोठवला. बाहेर भाव चढलेले असताना. कोको पिकवणाऱ्या अशांती भागात त्यावरून विरोधी पक्षच उभा राहिला. ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्य आलं. १९५८ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा आला आणि १९६४ मध्ये देश एकपक्षीय झाला. जे. बी. डांक्वा यांच्या संघटनेनं एन्क्रुमांना परदेशातून कामासाठी बोलावून घेतलं होतं, ते डांक्वा १९६५ मध्ये एन्क्रुमांच्याच तुरुंगात वारले. पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली. प्रतिकूल बाजूनं इथं म्हणावं की यंत्र परक्यानं घडवलं होतं, एकाच पिकावर देश परक्यानं टांगला होता, आणि साठच्या दशकात कोकोचे भाव कोसळले ते काही एन्क्रुमांनी पाडले नाहीत. अनुकूल बाजूनं विचारावं की यंत्र मोडायचा अधिकार हातात आला तेव्हा ते आणखी का आवळलं? दोन्ही म्हणणी खरी आहेत. परीक्षकाला दोन्ही ऐकवता आली पाहिजेत.

बोत्स्वाना हा अनुकूल बाजूचा हुकमाचा दाखला समजला जातो. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता १२ किलोमीटर, स्वतःचं विद्यापीठ नाही. पुढच्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांची खाण सापडली. त्याच वर्षी अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी कायदा करून खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे घेतला, आणि खामा स्वतः ज्या बांग्वातो जमातीचे वारस होते तिलाही त्यातून वगळलं नाही. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. २०२४ मध्ये ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला तेव्हा अध्यक्ष मासिसी यांनी पराभव मान्य करून सत्ता सोडली. एवढं बोलून अनुकूल वक्ता खाली बसतो आणि त्याला वाटतं, जिंकलो.

त्याला खोडायचं असेल तर असं विचारा: ब्रिटिशांनी बोत्स्वानात केलं तरी काय होतं? जवळजवळ काहीच नाही. त्यांना तिथं काही मिळण्यासारखं दिसलं नाही, म्हणून कारभार देशाच्या हद्दीबाहेरच्या माफेकिंग गावातून चालायचा. त्यामुळे गावाच्या चावडीसारखी क्गोत्ला ही सभा शाबूत राहिली, तिथं मुख्याला लोकांचं ऐकून घ्यावं लागायचं. म्हणजे वसाहतवाद्यांचा हात जिथं कमी पडला तिथं बरं झालं, असंही हेच उदाहरण सांगतं. हा डाव मुलांना आधी सांगू नका, सरावात स्वतः खेळा. एकदा अंगावर आला की तो विसरत नाहीत.

सीमांबद्दल थोडक्यात. '१८८४-८५ ला बर्लिनमध्ये टेबलावर नकाशा पसरून आफ्रिका वाटली' हे वाक्य भाषणातून काढा. तिथं १४ सत्ता जमल्या, आफ्रिकेचा एकही राज्यकर्ता नव्हता, हे खरं. पण तिथं ठरले ते मुख्यतः कबज्याचे नियम. बहुतेक रेघा नंतरच्या दोन-दोन सत्तांमधल्या तहांनी पडल्या. आणि १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी राष्ट्रांनी स्वतःच ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा आहेत तशा मानायच्या. 'कृत्रिम सीमांमुळे यादवी' म्हणणाऱ्याला समोरचा सोमालिया दाखवेल: एक भाषा, एक धर्म, तरी १९९१ मध्ये राज्य कोसळलं. त्यावर उत्तर तयार हवं. सोमाली लोक पाच तुकड्यांत विभागले गेले होते आणि ते जोडायला सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारेनं १९७७ मध्ये इथिओपियावर चढाई केली, त्या पराभवापासून त्याची घसरण सुरू झाली. इथिओपियाचंही तसंच. १८९६ ला अडवा इथं इटलीला हरवलेला, १९३६ ते ४१ सोडता गुलामीत न गेलेला देश, तरी १९७४ नंतर देर्गची लष्करी राजवट आणि ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. अनुकूल बाजूकडे हा दाखला असलाच पाहिजे.

परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: भारतही गुलाम होता, मग आपलं का नाही झालं तसं? इथं बरीच मुलं आपल्या थोरवीत रमतात आणि गुण घालवतात. उत्तर गावातूनच द्या. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये निघालं, त्याच साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. काँगोतलं पहिलं विद्यापीठ, लोव्हानियम, १९५४ चं. आपल्याकडे प्रांतिक निवडणुका आणि १९३७ ची मंत्रिमंडळं होऊन गेली होती. कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं न्यायनिवाडेसुद्धा करून दाखवले होते. राज्य चालवायचा सराव करायला आपल्याला वेळ मिळाला, काँगोला मिळाला नाही. मग समोरचा बोत्स्वाना काढेल, आणि तुम्ही माफेकिंग काढाल.

आजचंही एक पान हवं. माली २०२०, बुर्किना फासो २०२२, नायजर २०२३: तिन्हीकडे लष्करानं सत्ता घेतली, फ्रान्सचं सैन्य घालवलं, लोकांनी जल्लोष केला. फ्रान्सविषयीचा राग खोटा नाही, त्याची कारणं शंभर वर्षांची आहेत. पण लष्करशहा त्याच रागाच्या आडोशानं निवडणुका पुढं ढकलतात. वसाहतवादाचा मुद्दा मांडणाऱ्यानं हे स्वतःहून बोलावं, समोरच्यानं काढायची वाट बघू नये. दुसऱ्या बाजूला युगांडाचे मुसेवेनी आहेत. सत्ता न सोडणारे नेते हीच आफ्रिकेची अडचण, असं त्यांनी १९८६ मध्ये सांगितलं होतं. पुढं अध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादा २००५ मध्ये उठवली आणि वयाची २०१७ मध्ये.

माझं मत मुलं विचारतात, तेव्हा मी ते लपवत नाही. साठच्या दशकापर्यंतच्या ओळी मला परक्या सहीच्या दिसतात. त्यानंतरच्या बहुतेक ओळींवर सही देशातल्या नेत्याची असते, पण त्या नेत्याला खुर्चीत टिकवणारा हात पुष्कळदा बाहेरचा असतो. मुलांनी हे मत उचलू नये, आपलं पान भरून आपलं काढावं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघांच्या बाजू बदला आणि पूर्ण वेळ बोलायला लावा. जो दुसऱ्या बाजूनं तीन मिनिटंही बोलू शकत नाही त्याला आपलीही बाजू अजून कळलेली नाही. 'बिचारे आफ्रिकी' हा सूर आला की तिथंच थांबवा. लुमुंबा आणि खामा यांच्याविषयी बोलताना आवाजात यशवंतराव चव्हाणांविषयी बोलताना असतो तेवढाच आदर हवा. पहिली घंटा वाजली की नवा मुद्दा काढायचा नाही, समोरच्याच्या एका ओळीला उत्तर द्यायचं.

आणि एक दाखला खिशात राखून ठेवा: केनिया. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावात ब्रिटिशांनी छावण्यांत केलेल्या छळाबद्दल २०१३ मध्ये ब्रिटननं खेद व्यक्त करून ५,२२८ जणांसाठी जवळपास दोन कोटी पौंडांची तडजोड मान्य केली. पण त्याच माऊ माऊ संघटनेवरची बंदी स्वतंत्र केनियानं १९६३ नंतरही उठवली नाही, ती २००३ मध्ये उठली. पहिला निम्मा भाग प्रतिकूल बाजूचा, दुसरा अनुकूल बाजूचा. समोरच्यानं आपला निम्मा सांगितला की उरलेला तुम्ही सांगायचा.