रेव्हिटमधून पाइपिंगची शॉप ड्रॉइंग: शिकताना या चुका टाळा

रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. त्याचा क्लास संपवून आलेली मुलं-मुली आपलं मॉडेल मोठ्या हौसेने दाखवतात. प्लांट रूममध्ये चिलर बसलेले असतात, निळे-लाल पाइप सुबक वळलेले असतात. मी त्यातल्या दोन एल्बोंवर (पाइप वळवणाऱ्या जोड-तुकड्यांवर) बोट ठेवतो आणि विचारतो, "यांच्या मधला तुकडा फिटरने किती मिलिमीटरचा कापायचा?" बहुतेकांचं गाडं तिथे अडतं.

कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर पाइप कुठून कुठे जातो आणि किती मापाचा आहे, एवढं कळलं तरी भागतं. शॉप ड्रॉइंग थेट कटिंग मशीनवर आणि वेल्डरच्या हातात जातं. खालच्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

कटिंगची लांबी शेड्यूलवरून (रेव्हिटच्या तक्त्यावरून) जशीच्या तशी उचलणे

१०० एनबीचे (एनबी म्हणजे पाइपचं नावापुरतं माप) दोन लाँग रेडियस, म्हणजे मोठ्या वळणाचे, एल्बो आहेत आणि त्यांच्यातलं सेंटर-टू-सेंटर अंतर १२०० मिमी आहे असं धरा. या एल्बोचं केंद्रापासून तोंडापर्यंतचं माप १५२ मिमी असतं. दोन्हीकडचं वजा केलं की ८९६ उरतात. वेल्डिंगसाठी दोन्ही जोडांवर ३-३ मिमी रूट गॅप (वेल्ड भरायची फट) सोडायचा असेल, तर तुकडा ८९० चा कापायला हवा. साध्या पाइपच्या शेड्यूलमध्ये रेव्हिट ८९६ दाखवतं, कारण रूट गॅप त्याच्या हिशेबातच नसतो. एका जोडाचे ३ मिमी किरकोळ वाटतात. आठ जोडांच्या स्पूलमध्ये (आधीच जोडून तयार केलेल्या पाइपच्या भागात) त्याचे २४ होतात, आणि शेवटच्या फ्लँजची भोकं समोरच्या भोकांशी जुळत नाहीत.

आणि ८९६ हा आकडाही एल्बोची फॅमिली (रेव्हिटमधला त्या वस्तूचा तयार नमुना) खऱ्या मापाची असेल तरच मिळतो. टेम्प्लेटबरोबर आलेल्या जेनेरिक फॅमिलीची वळणाची त्रिज्या बाजारातल्या एल्बोशी जुळेलच असं नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक मापाचा एक एल्बो आणि एक टी ठेवून मोजून बघा. १०० एनबीला १५२ आणि १५० एनबीला २२९ आलं नाही, तर फॅमिली बदला. आटे पाडून जोडायच्या पाइपला हिशेब उलटा होतो. तिथे पाइप फिटिंगच्या आत शिरतो, त्यामुळे तेवढी लांबी वाढवावी लागते.

पाइप बाजारात साधारण ६ मीटरच्या लांबीत येतो, हेही मॉडेलला आपोआप कळत नाही. कॉरिडॉरमधून २३ मीटर सलग पाइप ओढला की तो स्क्रीनवर छान दिसतो, पण जोड कुठे येणार हे ठरलेलंच नसतं. मग एखादा जोड नेमका भिंतीच्या स्लीव्हमध्ये येतो आणि वेल्डरचा हात तिथे पोचत नाही. जोड आपणच ठरवून पाइप तोडा, किंवा फॅब्रिकेशन पार्ट्स (रेव्हिटमधले खऱ्या मालाच्या मापाचे भाग) वापरून लांबी तिथे बांधून घ्या.

पाइपचं नाव एक, बाहेरचा व्यास दुसरा

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. एका पंप रूमचं फायर फायटिंगचं काम होतं, पाइप १५० एनबीचा आणि जोड ग्रूव्ह कपलिंगचे (पाइपला खाच पाडून बाहेरून पकडणारे). मॉडेलमध्ये मी शेड्यूल ४० चा (हा पाइपच्या जाडीचा वर्ग, वरचा तक्ता नव्हे) तयार सेगमेंट, म्हणजे पाइपच्या मापांचा संच, तसाच ठेवला होता. त्यात १५० एनबीचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी आहे. साइटवर आला आयएस १२३९ या भारतीय मानकाचा सी क्लास (जाड) पाइप, ज्याचा १५० एनबीचा व्यास १६५.१ मिमी असतो. कपलिंगची ऑर्डर माझ्या मॉडेलच्या तक्त्यावरून गेलेली. फरक फक्त ३.२ मिमीचा, पण कपलिंगची पकडच बसेना. सगळा माल परत पाठवावा लागला आणि फिटरची टोळी नवा माल येईपर्यंत बसून राहिली.

गंमत अशी की १०० एनबीला दोन्हीकडे ११४.३ मिमीच आहे, त्यामुळे त्या मापावर ही चूक लक्षातच येत नाही. भारतातल्या कामासाठी मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये सेगमेंट्स अँड साइझेसमध्ये जाऊन आयएस १२३९ चा वेगळा सेगमेंट बनवा आणि बाहेरचे-आतले व्यास मानकाच्या तक्त्यातून स्वतः भरा. पुण्यात बसून आखाताचं किंवा इंग्लंडचं काम करत असाल, तर तिथल्या स्पेसिफिकेशनमध्ये कोणतं मानक दिलंय ते पहिल्याच दिवशी वाचा. जुन्या प्रोजेक्टचं टेम्प्लेट उचललं की जुने व्यासही सोबत येतात.

३७ अंशांचा एल्बो

रेव्हिटला मोकळं सोडलं तर ते कोणत्याही कोनात वळतं. मग ड्रॉइंगमध्ये ३७ अंशांचा एल्बो येतो आणि तो दुकानात मिळत नाही. पाइपच्या सेटिंग्जमध्ये कोन ठरावीक करून टाका, आणि यादीतले तेवढेच कोन चालू ठेवा जे तुमच्या कामात खरोखर खरेदी होणार आहेत.

रिड्यूसरचंही (मोठ्या पाइपला लहान पाइप जोडणाऱ्या तुकड्याचंही) तसंच. राउटिंग प्रेफरन्समध्ये (कुठे कोणती फिटिंग बसवायची त्या सेटिंगमध्ये) काँसेंट्रिक, म्हणजे दोन्ही तोंडं एकाच मध्यरेषेवर असलेला, रिड्यूसर दिलेला असेल, तर सॉफ्टवेअर सगळीकडे तोच बसवतं. पंपाच्या आडव्या सक्शन लाइनवर (पाणी आत ओढणाऱ्या बाजूला) मात्र एक्सेंट्रिक, म्हणजे एक बाजू सपाट असलेला, हवा, सपाट बाजू वर करून, नाहीतर वरच्या फुगवट्यात हवा साठते आणि पंपाला त्रास होतो. अशा जागा हाताने बदलाव्या लागतात.

पाइप काढला, पण दिसत नाही

घाबरून परत काढू नका. एकावर एक तीन पाइप चढलेली मॉडेल्स मी पाहिली आहेत. आधी व्ह्यू रेंज (प्लॅनमध्ये कोणत्या उंचीपर्यंतचं दिसावं ती मर्यादा) बघा. तिचा टॉप २३०० वर असेल आणि पाइप २७५० वर, तर तो प्लॅनमध्ये येणारच नाही. मग व्हिजिबिलिटी ग्राफिक्स, फिल्टर, वर्कसेट आणि व्ह्यू टेम्प्लेट, याच क्रमाने. पाइप एकेरी रेषेतच दिसत असेल तर डिटेल लेव्हल फाइनवर न्या. कोर्स आणि मीडियमवर पाइप एकेरीच दिसतो.

एल्बो लागत नसेल, तर राउटिंग प्रेफरन्समध्ये त्या मापाची फिटिंग आहे का ते पाहा. ती असूनही लागत नसेल, तर दोन वळणांमध्ये फिटिंग मावण्याएवढी जागाच नसते. ड्रेनेजच्या लाइनला उतार शेवटी देऊ नका. सगळ्या फिटिंग जोडून झाल्यावर उतार दिला की जोड तुटू शकतात, तेव्हा उतार आधी निवडा आणि मगच पाइप ओढा.

लेव्हल नुसती "३०००" लिहिणे

कशाची ३०००? पाइपच्या मध्याची की तळाची? फरशीच्या वरच्या पातळीपासून की स्लॅबपासून? १६८.३ मिमी व्यासाच्या पाइपचा मध्य ३००० वर असेल, तर त्याचा तळ २९१६ वर येतो. चिल्ड वॉटरला ५० मिमी इन्सुलेशन असेल तर सगळ्यात खालची पातळी २८६६. फॉल्स सीलिंगवाल्याला हा शेवटचा आकडा हवा, सपोर्ट लावणाऱ्याला तळाचा. टॅगमध्ये कोणती पातळी आहे ते शब्दांत लिहा. क्लॅश (दोन वस्तू एकमेकांत घुसणं) तपासतानाही इन्सुलेशन धरा, आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरायला, बोल्टला पाना लागायला जागा आहे ना ते बघा. अशी मोकळी जागा क्लॅशच्या रिपोर्टमध्ये आपोआप येत नाही.

ऑटोकॅडमधून आलेल्यांना एक सवय सोडायला जड जाते: डायमेन्शनचा आकडा हाताने बदलायची. रेव्हिट आकड्याच्या जागी दुसरा आकडा लिहू देत नाही. त्यावर साधा टेक्स्ट चिकटवून वाट काढणारे आहेत. कृपा करून ते करू नका. माप चुकीचं दिसतंय म्हणजे पाइप चुकीच्या जागी आहे, तो हलवा.

सरावासाठी आख्खी इमारत घेऊ नका. एक पंप घ्या. त्याच्या सक्शन-डिस्चार्जला व्हॉल्व्ह, स्ट्रेनर (गाळणी), फ्लेक्झिबल (लवचीक जोड), रिड्यूसर लावा, त्याची असेंब्ली (रेव्हिटमधला एकत्र गट) करा, प्लॅन, दोन सेक्शन आणि मालाची यादी एका ए-३ शीटवर बसवा. प्रिंट काढून ओळखीच्या फिटरला दाखवा आणि स्वतः काही न समजावता तो काय काय विचारतो ते कागदाच्या मागे लिहून घ्या. दुसऱ्या प्रिंटमध्ये त्या प्रश्नांची उत्तरं ड्रॉइंगवरच दिसली पाहिजेत.