फॉस्फो-अँटिबॉडीचा बँड खरा का खोटा?
वेस्टर्न ब्लॉटमधे (प्रोटीनं वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत) सशाची पॉलिक्लोनल फॉस्फो-अँटिबॉडी, म्हणजे फॉस्फेट लागलेलंच प्रोटीन पकडणारी, वापरताय ना, मग ब्लॉकिंगला (पडद्यावरची रिकामी जागा झाकायला) दूध नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असतं आणि बॅकग्राउंड वाढू शकतो, त्यापेक्षा ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) टीबीएसटी बफरमधे घ्या. पेशी फोडतानाच बफरमधे सोडियम फ्लोराइड नि ऑर्थोव्हॅनेडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारे इनहिबिटर) टाका, सगळं बर्फावर, नाहीतर फॉस्फेट तिथंच उडतो आणि मग आपण बसतो अँटिबॉडीला शिव्या देत.

आणि एका लेनमधे लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) दिलेलं सॅम्पल चालवाच (त्यात मात्र हे इनहिबिटर नकोत), बँड गायब झाला तर फॉस्फो सिग्नल खरा, तसाच राहिला तर अँटिबॉडी भलतंच काहीतरी पकडतेय. तुमचं प्रोटीन कायनेज असेल नि टोटल कायनेजची (फॉस्फेट असो-नसो, ते सगळं पकडणारी) अँटिबॉडीही सशाचीच असेल तर ब्लॉट नीट स्ट्रिप करा (आधीच्या अँटिबॉडी धुऊन काढा) किंवा सरळ दुसरा ब्लॉट लावा, मला दुसराच बरा वाटतो. अँटिबॉडीचा लॉट बदलला की डायल्यूशन परत तपासा.